संत्रानगरीचं हाटेल

"मावशी, गरम पाणी झालं का?"

मनकर्णाबाई चुलीपुढं केस मोकळे सोडून बसली होती. तेलाचा हात अजून केसांतच होता. दारात अकोल्याहून आलेला उंच पाहुणा गळ्यात टॉवेल अडकवून उभा. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि आपली गुंडाळलेली वाकळ कोपरानंच पिठाच्या डब्यामागं सारली.

"होऊन राह्यलं, बाबू. तुमी ओसरीत बसा, मी देतो आनून."

तो काही ओसरीत गेला नाही. त्यानं मोबाईल काढून चुलीचा फोटो घेतला, मग चुलीवरच्या पाण्याच्या गंजाचा, मग भिंतीवरच्या काजळीचा. "अगं, इकडे ये," त्यानं बायकोला हाक मारली, "खरी चूल आहे इथं." बायको आली, तिच्या मागं लेकरं आली, आणि स्वैपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मनकर्णाबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. रात्रभर फरशीवर झोपून तिचा उजवा गुडघा लाकडासारखा झाला होता. तो सरळ व्हायला जरा वेळ घ्यायचा, आणि तेवढा वेळ तिला त्या सगळ्यांसमोर वाकूनच उभं राहावं लागलं.

"किती वय असेल हो मावशीचं?" बायकोनं नवऱ्याला विचारलं. मावशी बहिरी असल्यासारखं.

मनकर्णाबाईनं गंजातलं पाणी बादलीत ओतलं आणि बादली उचलून बाहेर नेऊन ठेवली.

पिंपळशेंड्याला पाहुणे येऊ लागले ते संत्रानगरी झाल्यापासून. शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा व्यापाऱ्याचा पोरगा शेखर, त्यानं मनकर्णाबाईच्या नवऱ्याच्या, भगवंतच्या बगीच्याला लागून असलेलं बरड रान घेतलं. तिथं बोरीबाभळीशिवाय कधी काही उगवलं नव्हतं. त्यानं तिथं सिमेंटचं एवढं मोठं संत्रं उभं केलं की वरुडच्या रस्त्यावरून दिसावं. त्या संत्र्याच्या पोटातून आत जायचं. आत पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणा, आणि प्लास्टिकच्या संत्राझाडांमधून फिरणारी छोटी रेल्वे. कुंपणाच्या अलीकडं भगवंतची खरी झाडं. वारा तिकडून असला की लेकरांच्या किंकाळ्या झाडाझाडांतून ऐकू यायच्या. तोडणीच्या बाया सुरुवातीला दचकायच्या, मग त्यांनाही सवय झाली.

घरात पाहुणे घ्यायचं डोकं सुनेचं, रागिणीचं. ती मूर्तिजापूरकडची, कॉलेज शिकलेली. अश्विनशी लग्न होऊन आली तेव्हा तिला बगीच्यातलं काही कळत नव्हतं आणि घरात करण्यासारखं सासूनं काही शिल्लक ठेवलेलं नव्हतं. संत्रानगरी उघडली त्या हिवाळ्यात यवतमाळच्या एका कुटुंबाची गाडी त्यांच्या दारापुढं बंद पडली. रागिणीनं त्यांना पाटोडीचा रस्सा आणि भाकरी वाढली, ओसरीलगतच्या खोलीत झोपू दिलं. त्या लोकांनी जाऊन चार जणांना सांगितलं. चार जणांचे पुढं कितीक झाले. आधी ती एकच खोली दिली जायची. मग रागिणीनं स्वतःची आणि अश्विनची दिली. ती दोघं माळ्यावर झोपू लागली. गेल्या दिवाळीला ती सासूजवळ येऊन बसली होती.

"आई, तुमची खोली देऊ काय? सीजनपुरती?"

"दे नं," मनकर्णाबाई म्हणाली होती. सून इतक्या गोडीनं विचारत असताना नाही कसं म्हणायचं. तेव्हापासून भगवंत ओसरीत झोपत होता आणि ती चुलीशी. दिवाळीच्या सुट्या संपल्या तर शाळांच्या सहली सुरू झाल्या, सहली संपल्या तर उन्हाळा आला. सीजन काही संपला नाही. आता दुसरा हिवाळा लागला होता.

आणि तक्रार कशाची करावी? सून पहाटेपासून भिंगरीसारखी फिरायची. चादरी धुवायची, फोन घ्यायची, ठेचा वाटायची, पाहुण्यांना हसून बोलायची. घरात पाण्याची मोटर नवी आली होती, मोरीला फरशी लागली होती. शेजारची पार्बताबाई म्हणायची, "नशीबवान हायेस व तू." मनकर्णाबाई हो म्हणायची, आणि ते खरंच होतं. फक्त तिला कुठंतरी आपलं दार लावून घेऊन आडवं पडावंसं वाटायचं. एवढंच. एवढ्यासाठी कोणी तोंड उघडतं का?

*

आंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा चालू होता. सकाळचं धुकं पानांवरून ठिबकत होतं आणि बायांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या. मनकर्णाबाई खालच्या फांद्या धरायची. शिडीवर आता चढवत नव्हतं. कात्रीनं देठ असा कापायचा की फळाला टोचू नये, आणि फळ क्यारेटमध्ये टाकायचं नाही, ठेवायचं. हातांना साल चोळून चोळून बोटं पिवळी झाली होती, नखांत झोंबत होतं. भगवंत क्यारेट खांद्यावर घेऊन बगीच्याच्या कडेला धुऱ्यावर रचत होता. साठीला टेकलेला माणूस, पण खांदा अजून खाली आला नव्हता.

दुपारी जेवणाच्या वेळेला अश्विन आला. तो संत्रानगरीत आकाशपाळण्यावर होता. लोकांच्या पोटापुढचे दांडे लावायचे, बटण दाबायचं, ओकणाऱ्या पोरांना पाणी द्यायचं. आज तो डबा न सोडताच बोलला.

"शेखरभाऊ हाटेल बांधून राह्यले. आतच. तळ्याच्या बाजूनं."

रागिणी भाकरी मोडत होती, ती थांबली. "कायचं हाटेल?"

"राहाचं. लोक तिथंच खातीन, तिथंच झोपतीन. गावाची परवानगी पायजे म्हून सभा बोलावली हाये सरपंचबाईनं."

"पानी कुठून आनते तो?" भगवंतनं विचारलं. "इथं बोराईचं पानी पाताळात गेलं अन् हा लोकाईले आंघोया घालते. एका खोलीले एक न्हानी अशीन."

"मामाजी, पान्याचं सोडा," रागिणी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आपल्याकडं कोन येईन मंग?"

कुंपणापलीकडून पोरांचा गलका आला आणि विरला.

"सभेत बोला लागन," रागिणीच पुढं म्हणाली. "पार्बताबाईनं बी खोली दिली हाये, देशमुखाच्या वाड्यात बी दिली हाये. बाया बोलल्या त होते काम. आई, तुमी बोला. तुमचं कोनी मोडत नाई."

"पाहू," मनकर्णाबाई म्हणाली.

ती पुन्हा झाडाखाली जाऊन वाकली तेव्हा तिच्या छातीत काहीतरी हलकं झालं होतं. तिला वाटलं उन्हामुळं असेल. पण दुपार झाली तरी धुक्यातून ऊन पडलंच नव्हतं. तिला आनंद झाला होता. हाटेल होईल, लोक हाटेलात झोपतील, आणि ती तिच्या खोलीत. तिनं आजूबाजूला पाहिलं, कोणी तिचं तोंड पाहिलं तर नाही ना, आणि भराभर फळं तोडू लागली.

*

सभेच्या आधी शेखर स्वतः घरी आला. अंगणातल्या बाजेवर बसला. पस्तिशीतला गडी, पण पार्क काढल्यापासून डोक्याचे केस विरळ झाले होते. भगवंतनं सुपारी पुढं केली. मनकर्णाबाई खाली तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. रागिणी चहा घेऊन आली आणि खांबाला टेकून तिथंच उभी राहिली.

"काका, मी काही लपवाले आलो नाई," शेखर म्हणाला. "लोक दिवसभर पान्यात खेयतात, अन् संध्याकायी ओल्या पोट्ट्याईले घेऊन अमरावतीले वापस पयतात. दुसऱ्या दिवशी कोनी येत नाई. राहाची सोय असली त दोन दिवस राहतीन. अकोल्याच्या शाया इचारून राह्यल्या, पोरं मुक्कामाले आनू काय म्हून. साठ पोरं मी कुठी झोपवू?"

"गावात झोपवा नं," रागिणी म्हणाली. "आमी कायले बसलो मंग?"

"साठ पोरं, वहिनी? चार घरं मिळून?"

शेखरनं चहा बशीत ओतला.

"बाबा त म्हनतात बांधूच नको. पावसाया लागला का खोल्याईत उंदरं राहतीन म्हने. बायको म्हनते, बांधाचं त मोठं बांधा, लग्नं लागतीन. मले रातची झोप नाई." त्याची नजर मनकर्णाबाईकडं गेली. "काकू, तुमी सांगा. तुमी दोन वर्षं लोक ठेवून राह्यल्या. बांधू का नको?"

मनकर्णाबाईच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. तिला विचारलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कोणी काही विचारलं होतं, आणि उत्तर अगदी जिभेवर होतं. पण रागिणीचे डोळे तिच्या तोंडावर होते.

"सभेत सांगीन," ती म्हणाली.

रागिणी हसली. शेखरनंही मान हलवली. दोघांनाही वाटलं, म्हातारी आपल्या बाजूनं आहे.

*

सभेच्या आदल्या दिवशी हवा फिरली आणि थंडी कडाडली. घरात अमरावतीचं एक नवं जोडपं उतरलं होतं, मनकर्णाबाईच्या खोलीत. तिचा गुडघा सकाळपासून ठणकत होता. गुडघ्याचं तेल खोलीतल्या तिच्या पेटीत होतं. तिनं दुपारपर्यंत वाट पाहिली. ती दोघं पार्कात जातील, मग घेऊ. पण ती काही बाहेर पडली नाहीत. शेवटी ती दाराशी गेली आणि बोटाच्या पेरानं हळूच वाजवलं.

बराच वेळ आत कुजबुज झाली. मग दार वीतभर उघडलं. फटीत त्या पोराचं अर्धं तोंड.

"काय आहे, मावशी?"

"ते, पेटीतलं..."

"आम्हाला काही नको आहे. लागलं तर सांगू," तो म्हणाला. उद्धटपणे नव्हे, चांगल्याच आवाजात. आणि दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मनकर्णाबाई दारापुढं उभी राहिली. हे दार तिच्या लग्नाच्या वर्षी बसवलं होतं. याच खोलीत अश्विन झाला होता. आत ती पोरगी काहीतरी बोलून हसली. तिच्यावर हसली असं काही नव्हतं, नव्या नवरीचं हसणं होतं ते. तरी मनकर्णाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागून रागिणी चादरींचा गठ्ठा घेऊन आली. "आई, तिकडं नका जाऊ, नवे लोक हायेत," असं दबक्या आवाजात म्हणून घाईनं पुढं गेली.

तेलाशिवायच ती परत चुलीशी आली. गुडघ्याला कढत फडकं लावलं आणि संध्याकाळच्या भाकरी थापायला घेतल्या.

*

सभा शाळेच्या पटांगणात होती. सरपंच सीमाताई खुर्चीवर, शेजारी ग्रामसेवक, पुरुष पुढं सतरंजीवर, बाया कडुलिंबाखाली. शेखर उभाच होता, हात बांधून.

पाण्यावरून बरीच ओढाताण झाली. एक जण म्हणाला, हाटेलच्या बोरानं आमचे बोर आटतीन. भगवंतही उठला. "पान्याबिगर बगीचा वायला त मी हाटेलात जाऊन राहू काय?" त्यावर थोडं हसू पिकलं. शेखरनं सांगितलं की बोर मारणार नाही, पावसाचं तळं आहे त्यावरच चालवेल, आणि उन्हाळ्यात तळं आटलं तर खोल्या बंद ठेवेल. सीमाताईंनी तेवढं लिहून घ्यायला लावलं. मग विचारलं, "बायांपैकी कोणाला बोलायचं आहे?"

रागिणीनं सासूच्या कोपराला स्पर्श केला.

मनकर्णाबाई उठली. गुडघ्यानं पुन्हा वेळ घेतला. सगळं गाव तिच्याकडं पाहत होतं. रागिणीनं आदल्या संध्याकाळी तिला काय बोलायचं ते सांगून ठेवलं होतं: गावच्या बायांचा रोजगार, घरचं जेवण, आमच्या हातची चव. सगळं पाठ होतं.

"बांधू द्या त्याले," ती म्हणाली.

कोणाला नीट ऐकू गेलं नाही. "काय म्हणता, काकू?" सीमाताईंनी विचारलं.

"हाटेल बांधू द्या त्याले. पान्याचं त्यानं सांगतलं, तेवढं लक्षात ठेवा. बाकी बांधू द्या." ती थांबली. अजून काही म्हणायला हवं असं वाटलं आणि जे खरं होतं तेच तोंडून गेलं. "मले माह्या खोलीत झोपाचं हाये."

मग पुरुषांकडून कोणीतरी म्हणालं, "भगवंतराव, पाहा बाप्पा, काकूची काय फर्माईश हाये," आणि पटांगणभर हसू उसळलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पार्बताबाईसुद्धा हसली. भगवंत सतरंजीचे दोरे उपटू लागला. मनकर्णाबाईला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. ती खाली बसली. मान वर करता येईना. शेजारची जागा रिकामी होती. रागिणी उठून घरी गेली होती.

सीमाताईंनी हात वर करायला सांगितले. अटी घालून परवानगी मिळाली.

*

पुढचे दिवस रागिणी कामापुरतं बोलली. "आई, मीठ." "आई, त्या खोलीत बादली द्या." आवाज वाकडा नाही, कामात कसूर नाही. पण पूर्वी ती भाकरी भाजता भाजता पाहुण्यांच्या गोष्टी सांगायची, कोणाचं पोरगं कसं रुसलं, कोणाच्या बायकोला म्हैस पाहून कशी भीती वाटली, ते सगळं बंद झालं. मनकर्णाबाईला त्या गोष्टी आवडायच्या हे तिला आता कळलं.

तोडा शेवटच्या ओळींवर आला होता. एका सकाळी बाया पुढं निघून गेल्या आणि दोघी एकाच झाडाखाली राहिल्या. रागिणी वरच्या फांद्या घेत होती.

"मले एवढंच सांगा," ती शिडीवरूनच म्हणाली, "लोकाईसमोर काहून? घरी सांगाचं होतं."

"घरी कुठी सांगू? दर कोपऱ्यात मानूस बसला हाये."

कात्री चालत राहिली.

"ते चुकलंच माहं," मनकर्णाबाई थोड्या वेळानं म्हणाली. "लोकाईसमोर नव्हतं बोलाचं. निंगून गेलं तोंडातून."

रागिणी खाली उतरली. झोळीतली फळं क्यारेटमध्ये ठेवता ठेवता तिचे डोळे भरले. "मी आली तवा या घरात माहं काई नव्हतं, आई. चूल तुमची, बगीचा मामाजीचा. कोनी हाक मारली त अश्विनची बायको म्हून. हे लोक येतात त दारातून इचारतात, रागिणीताई हायेत काय. मले कोनी माह्या नावानं इचारते. आता हाटेल झालं का ते बी गेलं."

मनकर्णाबाईनं पिवळ्या बोटांनी पदराचं टोक पकडलं. हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, सुनेला मोटर हवी आहे, फरशी हवी आहे. ती सुनेच्या खांद्याला हात लावायला गेली, पण हाताला सालीचं तेल होतं, म्हणून मनगटानंच तिला जरा जवळ ओढलं.

"तुयं काम कोनी नाई नेत," ती म्हणाली. "मले फक्त दार पायजे लावाले."

दोघी तशाच जरा उभ्या राहिल्या. तेवढ्यात मागं, विहिरीच्या बाजूनं ठोकाठोकीचा आवाज येऊ लागला. पाहिलं तर भगवंत. बैल विकल्यापासून रिकामा पडलेला बगीच्यातला गुरांचा कोठा त्यानं उघडला होता आणि आतली गव्हाण पहारीनं उकरत होता. गव्हाणीचे दगड बाहेर रचलेले. धुळीनं मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"काय करून राह्यले हो?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"दिसत नाई काय?" तो पहारीवर टेकला. "चांगला लांब कोठा हाये. मधात भिंत टाकली त दोन खोल्या होतात. लोक इथं झोपवा. बगीच्यात झोपले त खूश होतीन उलटे." मग सुनेकडं न पाहता म्हणाला, "मी बी दोन हिवाये ओसरीत कुडकुडून राह्यलो. सभेत मले कोनी इचारलंच नाई."

रागिणीला हसू आलं. पदरानं नाक पुसत ती कोठ्यात शिरली, आत फिरून आली, वर टिनाकडं पाहिलं, पावलांनी लांबी मोजली. "खिडकी इकडून काढा लागन, मामाजी," ती म्हणाली. "झाडाकडून."

*

मृगाच्या आधी कोठा उभा करायचा म्हणून सगळं घर लागलं. गव्हाण गेली, वर्षानुवर्षांचा शेणाचा थर खरवडून झाडांना घातला. पांढरी माती आणून त्यात गव्हाचं कुटार म्हणजे भुसा कालवला. रागिणी आणि मनकर्णाबाई दोघी लुगडी खोचून त्यात उतरल्या आणि पायांनी तुडवू लागल्या. मनकर्णाबाईचा गुडघा पहिल्या दिवशी कुरकुरला, मग गाऱ्याच्या ओलाव्यात मोकळा झाल्यासारखा वाटला. अश्विन सुटीच्या दिवशी पाईप टाकायचा. एकदा त्यानं नळ उलटा बसवला आणि भगवंतच्या अंगावर फवारा उडाला. बाप मायबहिणीवरून काही बोलायच्या आत सुनेला पाहून गप्प झाला. रागिणीनं झाडांकडून खिडकी काढून घेतली, मोठी, आणि तिथं बसायला माती-दगडाचा ओटा.

कुंपणापलीकडं हाटेलचेही खांब उभे राहत होते. शेखर एकदा तारेशी आला.

"काकू, तुमी मले हो म्हनलं अन् स्वतःच हाटेल बांधून राह्यल्या."

"तुयं तू बांध," मनकर्णाबाई म्हणाली. तिच्या हाताला गारा होता. "मोठं नको बांधू. तुया बापाचं आयक जरासं. उंदराचं खोटं नाई त्याचं."

शेखरनं डोकं खाजवलं. त्यानं खरंच मजले कमी केले. बापाचं ऐकून, का काकूचं, का हाती पैसाच तेवढा होता म्हणून, ते कळलं नाही. त्यानं रागिणीला विचारलं, हाटेलच्या लोकांसाठी सकाळचा नाश्ता करून द्याल का.

"नाई, भाऊजी," रागिणी म्हणाली. "माह्या लोकाईचंच पुरते मले."

पावसाळ्यात मनकर्णाबाई आपल्या खोलीत परत गेली. पेटी होती तिथंच होती. पहिल्या दुपारी तिनं दार लावलं, कडी घातली, आणि बाजेवर आडवी झाली. झोप आली नाही. ती नुसती पडून राहिली, छताकडं पाहत, भगवंत बाहेरून दोनदा हाका मारून गेला तरी.

*

हाटेल दिवाळीनंतर उघडलं. शेखर पुन्हा अंगणात आला आणि म्हणाला की पहिल्या रात्री काका-काकूंनी येऊन राहायचं. गावात सगळ्यांत आधी काकूच हो म्हणाली होती.

"आमी कायले?" भगवंत म्हणाला. "घर हाये नं आमाले."

"जा नं, मामाजी," रागिणी म्हणाली. कोठ्याच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या आणि तिच्या हातात चादरी होत्या. तिनंच सासूचं चांगलं लुगडं इस्त्री केलं, पिशवीत तेलाची बाटली घातली. दारात सोडायला आली तेव्हा म्हणाली, "अन् तिथं सकायी चूल पेटवाले जाऊ नका. पाहुणे हायेत तुमी."

खोली वरच्या मजल्यावर होती. गादी इतकी मऊ की भगवंत बसला तो आत गेला आणि घाबरून उठला. जेवण झाल्यावर त्यानं चादर ओढून फरशीवर अंथरली. मनकर्णाबाई गादीवर झोपली, आडवी, हातपाय पसरून. मधे कूस बदलल्याचंही तिला आठवलं नाही.

जाग आली तेव्हा खिडकीतून उजेड आत आला होता. भगवंत आंघोळ करून, टोपी घालून खुर्चीच्या कडेला बसला होता, कुठल्या तरी कचेरीत आल्यासारखा. ती उठून खिडकीशी गेली.

खाली बगीचा होता. सगळं आयुष्य ती त्या झाडांच्या खाली वाकून होती. वरून तिनं तो कधी पाहिला नव्हता. झाडांचे गोल गोल माथे ओळीनं लागलेले, मधून पिवळी फळं, धुकं खालीच अडकलेलं. मधेच कोठ्याचं टिन चमकत होतं. त्याच्यापुढं रागिणी किटली घेऊन चालली होती, पदर खोचलेला, मागं कोणाची तरी दोन लेकरं नाचत. ती ओट्यापाशी थांबली, कोणाला तरी काही सांगू लागली. तिचा एक हात सारखा हवेत फिरत होता. काय सांगत होती ते ऐकू येण्यासारखं नव्हतं, पण समोरचे लोक हसत होते.

"मोठा दिसते नाई बगीचा इथून?" मनकर्णाबाई म्हणाली.

भगवंत येऊन शेजारी उभा राहिला. त्यानं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "त्या कोपऱ्यात दोन झाडं वायली वाटते," तो म्हणाला. "पाहा लागन." मग घाईनं पिशवी उचलली. "चाल. घरी जाऊ."

दारावर टकटक झाली. पार्बताबाईची नात हाटेलच्या निळ्या गणवेशात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला इतकं हसू येत होतं की कप हलत होते. "आजी, चहा. अन् खाली नाश्ता हाये. पोहे हायेत, इडली हाये."

मनकर्णाबाई पलंगावर येऊन टेकली. पाय वर घेतले.

"ठेव तिथं, बाई," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडं वळली. "बसा हो. नाश्ता करून जाऊ."